वऱ्हाड गहाण पडलं ते कुणाच्या पगारापायी?

निजामाने कर्ज थकवलं म्हणून वऱ्हाड गेलं, असं एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. ते कर्ज कशाचं, खरी गोम तिथेच आहे.

हैदराबाद राज्यात निजामाच्या स्वतःच्या शिबंदीशिवाय दोन फौजा होत्या आणि त्यांची कायम गल्लत होते. तैनाती फौज ईस्ट इंडिया कंपनीची. तिच्या खर्चापोटी १८०० च्या तहात बल्लारी, कडप्प्याकडचा मुलूख तोडून दिला होता. तो हिशेब तिथेच मिटला. कंटिंजंट वेगळी. त्याच तहात लढाईच्या वेळी निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीला द्यायचं कलम होतं. त्याच्या आधारावर रेसिडेंटने, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या वकिलाने, गोऱ्या अंमलदारांच्या हाताखाली नवी फौज उभी करवली आणि लढाया संपल्यावरही ती मोडली नाही. हुकूम रेसिडेंटचा, पगार दरबाराचा, वर्षाला सुमारे ४० लाख रुपये.

बंदोबस्ताला ती उपयोगी पडली, हे खरं. नोव्ह्याच्या गढीतल्या हटकर नाइकाचं बंड १८१९ मध्ये तिनेच मोडलं. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर इथे तिच्या छावण्या पडल्या. परतवाडा त्या छावणीभोवतीच वाढलं. पण पैसा आणायचा कुठून? महसूलवसुली इजाऱ्याने म्हणजे ठेक्याने दिलेली, कित्येक तालुके सावकारांकडे आणि अरब जमादारांकडे अडकलेले. इजारदार रयतेला पिळायचा, तरी फौजेचा पगार थकायचाच. मग हैदराबादच्या एका गोऱ्या पेढीकडून जबर व्याजाने उचल. ते देणं फेडायला १८२३ मध्ये आंध्र किनाऱ्यावरच्या ‘उत्तर सरकार’ मुलखापोटी कंपनीकडून मिळणारी वर्षाला ७ लाखांची पेशकश म्हणजे खंडणी निजामाला कायमची सोडावी लागली. पुढचा पगार पुन्हा थकलाच.

मे १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीने या पगारापोटी लावून घेतले. मुलूख कायमचा द्यायला निजाम तयार नव्हता, म्हणून ताबा रेसिडेंटकडे, मालकी निजामाची, दरसाल हिशेब आणि उरेल ती शिल्लक परत, असं ठरलं. तहातलं कलम लढाईपुरतं होतं, म्हणून माझ्या मते शांततेतल्या पगाराचा बोजा मुळात दरबारावर नव्हताच. १८६० मध्ये धाराशिव-रायचूर परत मिळाले, ५० लाखांचं कर्ज माफ झालं, पण वऱ्हाडचा हिशेब मागायचा हक्क गेला. पाठोपाठ अमेरिकेतल्या यादवीने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला!

१९०२ मध्ये वऱ्हाड वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. कंटिंजंट हिंदी फौजेत विलीन झाली. जिच्या पगारासाठी प्रांत ठेवला ती फौज उरली नाही, तरी प्रांत निजामाकडे न जाता १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला.