‘वर्तणे’चे इंग्रजी भावंड

इ.स. 871 मध्ये इंग्लंडात रेडिंग इथे इंग्रज आणि डेन यांची लढाई झाली. तीत एथेलवुल्फ हा इंग्रज सरदार पडला. जुन्या इंग्रजीतल्या बखरीत त्याची नोंद दोन शब्दांत आहे : ‘वेआर्थ ओफस्लेगेन’, म्हणजे ‘मारला गेला’. असं म्हणताना आपण ‘जाणे’ची मदत घेतो, बखरकाराने घेतली ‘वेओर्थान’ची. अर्थ : होणे, बनणे, घडणे.

आजच्या इंग्रजीतून हे क्रियापद गेलं. त्याच्या जागी बसलेल्या ‘बिकम’चा मूळ अर्थ होता येऊन पोचणे. जर्मन माणूस मात्र याच क्रियापदाच्या ‘वेर्डेन’ या रूपाशिवाय दिवसभर बोलूच शकणार नाही, ‘होणे’ तर त्याने सांगतातच, शिवाय भविष्यकाळ आणि कर्मणी प्रयोगही त्यावरच चालतात.

याचं भावंड आपल्या घरातलंच आहे, कारण संस्कृत आणि इंग्रजी एकाच जुन्या मूळ भाषेतून निघाल्या. संस्कृत ‘वृत्’ म्हणजे फिरणे, वळणे. वर्तुळ, आवर्तन, वर्तणूक त्यातूनच आले, आणि ‘वर्त्मन्’मधून आपली साधी ‘वाट’. वळता वळता वस्तू वेगळी होते, म्हणून वळण्याचा अर्थ ‘होणे’कडे सरकला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘वेओर्थान’मधली एक खोड. भूतकाळी एकवचन ‘वेआर्थ’, पण अनेकवचन ‘वुर्डोन’. थ चा ड का झाला? जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये दाखवलं होतं की त्या मूळ भाषेतला त जर्मानिक भाषांत (म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या कुळात) थ होतो. ‘भ्रातृ’चा जुन्या इंग्रजीत ‘ब्रोथोर’ झालाही. पण ‘पितृ’चा झाला ‘फॅडेर’! हे कोडं डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरने सोडवलं, तेही वैदिक मंत्रांतल्या आघातांच्या आधारे. वैदिक ‘भ्राता’त आघात पहिल्या अक्षरावर असतो, ‘पिता’त शेवटच्या. आघात आधीच्या अक्षरावर नसेल, तर थ मऊ होऊन ड होतो. तसंच क्रियापदाचं : एकवचनात आघात धातूवर, अनेकवचनात प्रत्ययावर. पुढे जर्मानिक भाषांत आघात पहिल्या अक्षरावर कायमचा बसला, जुनी जागा पुसली गेली. पण ड तसाच राहिला. 1877 मध्ये छापलेला व्हर्नरचा हा नियम वैदिक पठणाची परंपरा जपली गेली नसती, तर इतक्या सहज हाती लागला नसता.

इंग्रजीत या क्रियापदाचे अवशेष उरलेत. 1611 च्या बायबलमध्ये यहेज्केलच्या पुस्तकात ‘वो वर्थ द डे’ आहे. आजचा वाचक या ‘वर्थ’चा संबंध किमतीशी लावतो, पण अर्थ आहे, ‘या दिवसाचं वाईट होवो’. दुसरा अवशेष ‘वीअर्ड’. मुळात ‘वुर्ड’, म्हणजे जे घडून येतं ते, दैव. ‘मॅकबेथ’मधल्या तीन ‘वीअर्ड’ बहिणी या अर्थाने नियतीच्या बहिणी आहेत. ‘विचित्र’ हा अर्थ नंतर चिकटला.

त्याच मुळातून, ‘जे घडतं आहे ते’ या अर्थाचाच शब्द आपल्याकडेही निघाला. आपण त्याचा अर्थ बातमी असा केला, आणि रोज सकाळी दारात येऊन पडणाऱ्या कागदाला वर्तमानपत्र म्हणू लागलो.