पंधराव्या वर्षी विचारायचा प्रश्न

उत्तर गोव्यातल्या २० ते ४९ वयाच्या १,८९९ पुरुषांना संशोधकांनी विचारलं होतं, दारूची सुरुवात कोणत्या वयात झाली? १९५६ ते ६० दरम्यान जन्मलेल्यांत किशोरवयातच सुरुवात केलेले १९.५ टक्के निघाले, १९८१ ते ८८ च्या पिढीत ७४.३ टक्के. लवकर सुरुवात करणाऱ्यांत पुढे व्यसन, मानसिक त्रास आणि दारूमुळे होणाऱ्या दुखापती जास्त दिसल्या.

आकडे गंभीर आहेत. पण ते आठवणीतून आलेले आहेत. पंचेचाळिशीतल्या माणसाला पहिल्या घोटाचं साल नेमकं सांगता येत नाही. शिवाय दारूपायी आधीच गेलेले यात मोजलेच जात नाहीत. यावर खरा उपाय एकच: पंधराव्या वर्षी विचारायचं आणि त्याच मुलांकडे पुन्हा पुन्हा जायचं. अमेरिकेत ‘अ‍ॅड हेल्थ’ अभ्यासाने १९९४-९५ मध्ये सातवी ते बारावीची २०,७४५ मुलं निवडली. २००८ मधल्या चौथ्या फेरीत त्यांतली १५,७०१ पुन्हा भेटली.

ही गळतीच अशा अभ्यासाचा जीव घेते. दर फेरीत फक्त १० टक्के गळाले तरी १,००० पैकी पाचव्या फेरीअखेर ५९०च उरतात. म्हणून पहिल्याच भेटीत वाडा, घर क्रमांक आणि वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या तीन नातेवाइकांचे फोन लिहून घ्यावेत. पालकांसोबत मुलाचीही संमती हवी, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याची स्वतःची, नव्याने.

प्रश्नांसोबत दर फेरीत रक्तदाब, साखर, वजनही मोजायचं, तर मोजमापातली चूक सहज नजरेत येत नाही. रक्तदाब घेताना पाच मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर. कफमधली, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातली, हवेची पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापणारी हवी. शाळकरी मुलाला नीट बसलेला कफ तिशीतल्या जाड दंडाला तोकडा पडतो आणि रक्तदाब फुगवून दाखवतो. मग वयानुसार वाढ झाली असा खोटा निष्कर्ष निघतो. दर फेरीत दंडाचा घेर टेपने मोजलाच पाहिजे.

गोव्यात नोकरीसाठी बोटीवर आणि आखातात गेलेले निसटतात, आणि त्यांचं जगणं गावात राहिलेल्यांसारखं नसतं. ते चवथीला किंवा नाताळात घरी येतात, तेव्हाच गाठावेत. सणातल्या गोडधोडाने उपाशीपोटीची साखर आणि वजन हलू शकतं, म्हणून साखरेसाठी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी घ्यावी आणि वजनासमोर तारीख नोंदवावी.