दुकानमांडणीचे विद्यापीठीय शिक्षण : मराठवाडा

दुकानमांडणी : दुकानातला माल गिऱ्हाइकाच्या नजरेस कोणत्या क्रमाने, किती उंचीवर आणि कोणत्या उजेडात पडावा हे ठरवण्याचे कसब. अभ्यासक्रमांत ते ‘व्हिज्युअल मर्चंडायझिंग’ या नावाने येते. बाजारात सगळे ‘डिस्प्ले’ म्हणतात. शोकेस, पुतळे, रॅक, दिवे, पाट्या, दुकानात फिरण्याच्या वाटा आणि सणासुदीला बदलणारी सजावट, हे सगळे त्यात मोडते. विद्यापीठांत हा विषय बहुधा उपयोजित कला, फॅशन, अंतर्गत सजावट किंवा किरकोळ व्यापाराचे व्यवस्थापन अशा अभ्यासक्रमांच्या पोटात शिकवला जातो.

मराठवाड्यातल्या जुन्या कापडदुकानात मांडण्यापेक्षा उलगडण्याला महत्त्व. पांढऱ्या गादीवर बसलेला सेल्समन थप्पीतून साडी ओढतो, एका झटक्यात पदर पसरतो, काठावर बोट ठेवतो, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून पुढची साडी कोणती काढायची ते ठरवतो. गिऱ्हाईक स्वतःच हँगरवरचे कपडे चाळू लागले, तेव्हा या माणसाचे काम मांडणीवर आले. काय आधी दिसावे, काय हाताशी असावे, काय वर राहिले तरी चालेल, हे आता रॅकनेच सांगायचे असते. विषयाचा गाभा हाच आहे. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा नांदेडच्या वजिराबादेत लग्नसराईचा एक आठवडा मुरलेल्या सेल्समनशेजारी बसून काढणे, हा या शिक्षणाचा पहिला धडा असायला हवा.

काचेमागच्या मांडणीचा आधुनिक इतिहास युरोप-अमेरिकेतला. मोठ्या आकाराची सपाट काच स्वस्त होऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकात भव्य दुकाने उभी राहिली. पुढे बालकथाकार म्हणून गाजलेल्या एल. फ्रँक बॉम यांनी १८९७ मध्ये शिकागोतून केवळ शोकेस-सजावटीला वाहिलेले मासिक सुरू केले. लंडनमध्ये हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांचे दुकान १९०९ मध्ये उघडले. दुकान बंद झाल्यावरही तिथल्या शोकेसमध्ये दिवे जळत. भारतात अभिकल्पाच्या, म्हणजे डिझाइनच्या, औपचारिक शिक्षणाला १९६१ मध्ये अहमदाबादेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने बळ दिले. १९८६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, सुरू झाली. तिच्या फॅशन कम्युनिकेशन या पदवीक्रमात दुकानमांडणी शिकवली जाते.

पहिल्या वर्षी रेखाटन, रंगसिद्धान्त, समतोल, प्रमाण आणि लय यांवर भर असतो. पुढे मापात बनवलेल्या छोट्या प्रतिकृती, संगणकावरचे आराखडे, गिऱ्हाइकाच्या वागण्याचा अभ्यास आणि खर्चाचा अंदाज येतो. दुकानाच्या आखणीचे मुख्य प्रकार तीन: किराण्यासारख्या मालाला समांतर ओळींची जाळी, मोठ्या दुकानाला फेरा मारायला लावणारी वळणवाट, आणि कपड्या-दागिन्यांसाठी मोकळी मांडणी. कोणत्या फळीवर कोणता माल किती जागा घेईल याच्या नकाशाला प्लॅनोग्राम म्हणतात. साधारण चार ते साडेपाच फुटांच्या पट्ट्यातला माल सर्वांत आधी नजरेत भरतो. मुलांची वस्तू याहून खाली ठेवावी लागते.

मराठवाड्यात हा विषय शिकणाऱ्याच्या हाताशी जे वस्त्रधन आहे, ते इतरत्र सहज मिळत नाही. हातमागावरच्या पैठणीचा काठ आणि पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कारण नक्षीचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात आणि मागे सुटे धागे राहत नाहीत. अशी साडी मधोमध टांगली तर रस्त्यावरून आणि दुकानातून एकच मोर दिसतो. मागे आरसा ठेवला तर अस्सल हातमागाची खूणच गिऱ्हाइकासमोर येते. हिमरू या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या नक्षीदार कापडाचे उलटे आहे. सुती ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, रेशमाच्या जादा बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने, नक्षी उठवलेली असल्याने पाठीमागे धागे मोकळे लोंबतात, म्हणून ते कापड पाठीला फळी देऊन किंवा शालीसारखे घडीत दाखवावे. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. सपाट घडीत ही गंमत मरते. ती चुण्यांत सोडून एका बाजूने उजेड टाकला की दोन्ही रंग खेळू लागतात.

उजेडाचा पाठ इथे विशेष बारकाईने शिकवला पाहिजे. पांढऱ्याफेक ट्यूबखाली सोनेरी जर फिकी पडते. ३००० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासच्या उबदार, पिवळसर प्रकाशात ती खुलते. पण त्याच प्रकाशाने जांभळा आणि गर्द हिरवा फसवा दिसू शकतो. आपल्याकडच्या बायका साडी घेऊन दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात जातात ते याचसाठी. त्यांच्या या सवयीचा मान राखायचा तर रंग खरे दाखवणारे, म्हणजे रंगदर्शन निर्देशांक ९० च्या वर असलेले दिवे निवडावेत आणि दाराशी एक आरसा ठेवावा. संग्रहालयांत रेशमाचा रंग उडू नये म्हणून त्यावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचे माप) उजेड टाकतात. शोकेसमध्ये तो कैक पटींनी जास्त असतो. त्यात पश्चिमेकडे तोंड असलेली काच आणि मराठवाड्यातला मे महिना. साडी आठवड्यापलीकडे तिथे राहू नये, आणि उतरवताना घडी बदलावी, नाहीतर जरीचे धागे घडीवर तुटतात.

आखणीच्या अभ्यासासाठी लातूरची गंजगोलाई हे जिवंत उदाहरण आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातील या गोलाकार बाजाराची दुमजली इमारत १९१७ मध्ये बांधली गेली. मध्ये अंबाबाईचे मंदिर, भोवती गोल रस्ता आणि त्याला मिळणारे १६ रस्ते. दागिने, चपला, मिरची, गूळ, हातमागाचे कापड, असा ज्याचा त्याचा बाजार या रस्त्यांवर वाटला गेला. कोणता माल कुठल्या वाटेवर भेटेल हे गिऱ्हाइकाला ठाऊक असणे, हे आखणीचे सर्वांत मोठे यश.

पाट्यांकडे मात्र शिक्षणात अजून पुरेसे लक्ष नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातील सर्व दुकानांना नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावणे बंधनकारक आहे. शिरोरेषा, वेलांट्या आणि जोडाक्षरे दुरून कशी वाचली जातात याचा वेगळा अभ्यास लागतो. रोमन अक्षरांचे नियम इथे चालत नाहीत.

विभागात शिक्षणाच्या वाटा विखुरलेल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे, आणि १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, आजचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पूर्वीच्या गृहविज्ञान, आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्रांचा अभ्यास होतो. शाळेत दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा कलाशिक्षणाचा पाया घालतात. निफ्ट किंवा अहमदाबादच्या संस्थेकडे जायचे तर त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या.

मूल्यमापनात कामाची छायाचित्रे निर्णायक ठरतात, कारण सण सरला की मांडणी उतरते आणि हातात काही उरत नाही. शोकेसचे छायाचित्र अंधार पडल्यावर, समोरच्या दुकानांची शटर खाली आल्यावर घ्यावे; तेव्हा काचेत रस्ता दिसत नाही, आतली साडी दिसते.