पेझंट रेलगन

पेझंट रेलगन ही डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डीअँडडी, हा टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ, तो खेळणाऱ्यांमधली एक जुनी आणि भरपूर वाद झालेली कल्पना आहे. रेलगन म्हणजे विजेच्या जोरावर गोळा प्रचंड वेगाने फेकणारी तोफ, पण इथे बंदूक वगैरे काही नसते, गावातले शेतकरी ओळीत उभे करायचे आणि एक भाला हातोहात पुढे सरकवायचा, बस. छापील नियम अक्षरशः घेतला तर तो कुठपर्यंत ताणता येतो हे दाखवायला लोक हिचंच उदाहरण देतात.

हिशोब असा. लढाईत वेळ राउंडमध्ये मोजतात, एक राउंड साधारण 6 सेकंदांचा, आणि तेवढ्यात सगळ्यांची पाळी येऊन जाते, मग माणसं पाच असोत की दोन हजार. त्यात 'रेडी' नावाची अ‍ॅक्शन असते, म्हणजे आधीच सांगून ठेवायचं की शेजाऱ्याने भाला दिला की मी लगेच पुढच्याला देणार. प्रत्येक जण 5 फुटांच्या चौकोनात उभा, म्हणजे 2000 शेतकऱ्यांची ओळ 10,000 फूट, तीन किलोमीटरच्या थोडी वर. एवढं अंतर भाला 6 सेकंदांत कापतो, सेकंदाला 500 मीटर, आवाजापेक्षाही जास्त. मग खेळाडू गोष्ट चालवणाऱ्या डंजन मास्टरकडे म्हणजे डीएमकडे बघून विचारतो, बोल, ड्रॅगनला किती लागलं?

गोम इथेच आहे. नियम भाल्याला वेग देतच नाही, आत्ता भाला कोणाच्या हातात आहे एवढंच सांगतो. शेवटच्या शेतकऱ्याने तो फेकला तर सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, जो आकडा पडेल तेवढं डॅमेज, इतर कुठल्याही भाल्यासारखंच. आणि खरं फिजिक्स लावायचं तर मग पहिल्यापासून लावा ना, इतक्या झटपट भाला हातात घेऊन पुढे देणारा माणूस आणणार कुठून? भाला पोचेपर्यंत नियम आणि लागताना विज्ञान, म्हणजे सरळ अर्धकुक्कुटी न्याय, अर्धी कोंबडी शिजवायला ठेवायची आणि अर्धी अंडी घालायला.

बरं ते 6 सेकंद पण काही निसर्गाचा नियम नाहीत. 1978 च्या अ‍ॅडव्हान्स्ड डीअँडडीत, म्हणजे याच खेळाच्या जुन्या आवृत्तीत, राउंड एक मिनिटाचा होता, त्या हिशोबाने हीच रेलगन ताशी 180 किलोमीटरवर येते.

हिची भावंडं बरीच आहेत. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 10 फुटी शिडी 5 तांब्याच्या नाण्यांना मिळायची आणि 10 फुटी काठी 2 चांदीच्या, म्हणजे 20 तांब्याच्या, त्यामुळे शिडी मोडून दोन काठ्या छापील भावाने विकल्या की आठपट पैसे, राक्षस मारायची गरजच काय! त्याच पिढीत बुडायला लागलेल्याचे हिट पॉइंट, म्हणजे अंगात किती जीव उरलाय त्याचा आकडा, शून्यावर येतात असा नियम होता, मग उणे आठवर मरायला टेकलेल्या मित्राला पाण्यात बुडवला की तो कागदावर सुधारायचा.

असं करणाऱ्याला रूल्स लॉयर म्हणजे नियमांचा वकील म्हणतात, पण तो शब्द सरसकट लावू नये असं वाटतं. सुट्टीच्या दिवशी चहा पीत नियमपुस्तकातली भोकं शोधणं हा आपल्या जागी मस्त खेळ आहे, रेलगन बऱ्याचदा तिथलीच, प्रत्यक्ष डावात ती चालवायचा कोणाचा विचारही नसतो. ताप होतो तो टेबलावर, जेव्हा बाकीचे चार जण आपापली पाळी धरून बसलेत आणि दोघांचं अर्धा तास 'पुस्तकात असं लिहिलंय' चाललेलं असतं. 1974 साली डेव्ह आर्नेसनबरोबर हा गेम काढणाऱ्या गॅरी गायगॅक्सने 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडच्या शेवटी लिहून ठेवलं होतं की नियमाच्या अक्षरापेक्षा खेळाचा भाव मोठा. 2024 च्या गाइडने तर रेलगनचं नाव न घेता ही भाल्याची रांगच उदाहरणाला घेतली आणि नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे असं डीएमला स्पष्ट सांगून टाकलं.

हुशार डीएम मात्र वादात पडतच नाही. तो एवढंच विचारतो की दोन हजार शेतकरी जमवणार कसे, ऐन पेरणीत ते येतील का, त्यांच्या जेवणाचं काय, आणि तोपर्यंत ड्रॅगन काय तिथेच बसून राहणार आहे का?