सिडनीचे लॉकआऊट कायदे

दारूच्या नशेत होणाऱ्या मारामाऱ्यांना आळा घालण्यासाठी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने सिडनीच्या मध्यवर्ती भागात २०१४ ते २०२१ या काळात लागू केलेले निर्बंध. पब, बार व नाइटक्लब यांनी रात्री दीडनंतर नवे गिऱ्हाईक आत घ्यायचे नाही आणि तीन वाजता दारू देणे थांबवायचे, हा त्यांचा गाभा. दीडच्या आधी आत शिरलेल्याला तीनपर्यंत पीत बसता येई. मात्र मध्येच सिगारेट ओढायला रस्त्यावर आला, की दारावरचा बाउन्सर त्याला पुन्हा आत सोडत नसे.

निमित्त घडले ते किंग्ज क्रॉस या रात्रभर जाग्या राहणाऱ्या रंगेल वस्तीत. जुलै २०१२ मध्ये आणि पुन्हा ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री, तेथील व्हिक्टोरिया स्ट्रीटवर अठरा-अठरा वर्षांच्या दोन तरुणांना अनोळखी माणसाने एकच ठोसा मारला आणि त्यानेच काही दिवसांत त्यांचा जीव गेला. पहिल्या प्रकरणातील शिक्षा फार सौम्य असल्याची ओरड आधीच चालू होती (ती पुढे अपिलात वाढली). दुसऱ्या मृत्यूनंतर मुख्यमंत्री बॅरी ओ’फॅरेल यांच्या सरकारने जानेवारीअखेर घाईघाईने कायदा संमत करून घेतला आणि २४ फेब्रुवारी २०१४ पासून निर्बंध अमलात आले. दारूच्या दुकानांना राज्यभर रात्री दहाची मर्यादा घालण्यात आली. नशेत मारलेल्या ठोशाने मृत्यू झाल्यास किमान आठ वर्षे कैदेची तरतूदही त्याच वेळी झाली. खुद्द ओ’फॅरेल यांना दोनच महिन्यांत पद सोडावे लागले, तेही दारूपायीच: भेट आलेल्या १९५९ च्या उंची वाइनच्या बाटलीबद्दल त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे चुकीची साक्ष दिली होती.

राज्याला असे उपाय नवे नव्हते. फेब्रुवारी १९१६ मध्ये सैनिकांनी दारू पिऊन सिडनीत दंगल केली आणि त्याच वर्षी जनमत घेऊन दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करण्याचा नियम आला. तो १९५५ पर्यंत टिकला. परिणामी कामावरून सुटलेले लोक सहाच्या आत घशाखाली जेवढी जाईल तेवढी ओतून घेत. २००८ मध्ये न्यूकॅसल शहरातील चौदा पबांवर वेळेचे बंधन आले, तेव्हा मात्र मारहाणीच्या घटना सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. सिडनीच्या कायद्याला आधार होता तो याच अनुभवाचा.

वादाचे खरे मूळ वेळेपेक्षा हद्दीत होते. किंग्ज क्रॉस, डार्लिंगहर्स्ट, द रॉक्स, हेमार्केट हे सारे हद्दीच्या आत. पिरमाँटमधील ‘द स्टार’ हा कॅसिनो आणि बारंगारूची नियोजित कॅसिनोची जागा मात्र बाहेर. साठ माणसांचा बार दीडला दार लावतो आणि हजारोंचा जुगारअड्डा पहाटेपर्यंत दारू देतो, असा समज त्यातून पसरला. यात बारचे उदाहरण चुकीचे आहे, कारण साठ जणांपर्यंतच्या लहान बारना सूट होती. कॅसिनोबद्दलची तक्रार मात्र रास्त होती, आणि तिला सरकारकडून पटेल असे उत्तर कधीच मिळाले नाही.

आकडे कायद्याच्या बाजूने बोलतात, पण अर्धेच. राज्याच्या गुन्हे सांख्यिकी विभागाच्या २०१७ च्या अभ्यासानुसार किंग्ज क्रॉसमधील मारहाणीचे गुन्हे ४९ टक्क्यांनी आणि मध्यवर्ती व्यापारी भागातील १३ टक्क्यांनी घटले. हद्दीला लागून असलेल्या भागांत ते १२ टक्क्यांनी, तर न्यूटाउन, बाँडाय, कूजी अशा सहज पोहोचता येणाऱ्या ठिकाणी १७ टक्क्यांनी वाढले. गोळाबेरीज केली तरी घटच उरते. सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयाचे डॉक्टर कायद्याच्या पाठीशी उभे राहिले. दुसरीकडे क्लब बंद पडले, गायक-वादकांची कामे गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘कीप सिडनी ओपन’ या गटाच्या हाकेला हजारो लोक रस्त्यावर आले. या गटाने २०१९ ची विधानसभा निवडणूकही लढवली.

माजी न्यायमूर्ती इयान कॅलिनन यांच्या २०१६ च्या अहवालानंतर, संगीताचे प्रत्यक्ष कार्यक्रम करणाऱ्या ठिकाणांना दोन्ही वेळांत अर्ध्या तासाची सवलत मिळाली. दुकानांची मर्यादा अकरावर गेली. १४ जानेवारी २०२० रोजी किंग्ज क्रॉस वगळता सर्वत्र आणि ८ मार्च २०२१ रोजी तेथेही लॉकआऊट उठला. आठ वर्षांच्या किमान शिक्षेला या माघारीत हात लावला गेला नाही.