इंटेलिजन्स ब्युरोचा अर्ज: सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज नेमके कुठे अडकतात

गुप्तचर खात्यात जाण्यासाठी प्राध्यापकांची शिफारस लागत नाही, हे सुरुवातीलाच लिहिणे भाग आहे, कारण दरवर्षी जाहिरात निघाली की किमान चार-पाच विद्यार्थी शिफारसपत्र मागायला येतात आणि त्या धावपळीत जे दाखले खरोखर लागतात ते काढायचे राहून जातात. हा समज अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या सिनेटने गुप्तचर संस्थांच्या चौकशीसाठी नेमलेल्या, फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील चर्च समितीने १९७६ च्या अहवालात नोंदवले होते की सीआयए ही तिथली गुप्तचर संस्था शंभराहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठांतील शेकडो अध्यापकांची मदत घेत होती आणि त्या मदतीत माणसे सुचवणे, त्यांची गाठ घालून देणे हेही येत होते. आज तीच संस्था विद्यार्थ्यांकडून उघडपणे ऑनलाइन अर्ज मागवते. आपल्याकडे तर इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाहिरात देऊन लेखी परीक्षेने भरती करते. त्यामुळे निवडीत प्राध्यापकाचा शब्द चालत नाही. त्याचा उपयोग कुठे होतो ते पुढे येईलच.

पदवीधरांसाठीचे मुख्य पद साहाय्यक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, श्रेणी दोन, कार्यकारी हे आहे आणि विद्यार्थी त्याला एसीआयओ म्हणतात. २०२५ मध्ये या पदाच्या ३७१७ जागा निघाल्या आणि अर्ज १९ जुलै ते १० ऑगस्ट या काळात घेतले गेले. कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही. वय १८ ते २७, त्यात इतर मागासवर्गाला तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत. पहिला टप्पा एका तासात शंभर प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, दुसरा वर्णनात्मक पन्नास गुणांचा, तिसरा मुलाखतीचा. परीक्षा शुल्क १०० रुपये आणि प्रक्रिया शुल्क ५५० रुपये होते. महिला व अनुसूचित जाती-जमातींना पहिले माफ असले तरी दुसरे सर्वांनाच भरावे लागले आणि 'आपल्याला फी नाही' असे समजून बसलेल्यांचे अर्ज अपूर्ण राहिले.

दहावी उत्तीर्णांसाठी सुरक्षा साहाय्यक हे पद आहे. त्याच्या २०२५ मध्ये ४९८७ जागा होत्या. या पदासाठी ज्या राज्याच्या जागेवर अर्ज करायचा त्या राज्याचा अधिवास दाखला आणि तिथल्या भाषेचे ज्ञान लागते. दुसऱ्या टप्प्यात स्थानिक भाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्थानिक भाषेत सुमारे पाचशे शब्दांच्या उताऱ्याचे भाषांतर करावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी हे पद कमी लेखू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. उत्तम मराठी लिहिता येणे हे जिथे थेट कामी येते अशा केंद्रीय परीक्षा फार थोड्या आहेत.

आता तारखेकडे वळतो. शैक्षणिक पात्रता अर्जाच्या अंतिम तारखेस पूर्ण असावी लागते. शेवटच्या सत्राची परीक्षा दिली आहे, निकाल बाकी आहे, असा विद्यार्थी पात्र नाही. २०२५ च्या एसीआयओ भरतीत १० ऑगस्टपर्यंत निकाल लागलेला असणे आवश्यक होते आणि ११ ऑगस्टला निकाल लागलेला विद्यार्थी प्रथम श्रेणीत आला असला तरी त्याचा उपयोग नव्हता. उलट, पदवीचे प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतरच मिळते म्हणून काही जण अर्जच करत नाहीत, तेही चूक आहे. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र यांवर निकालाची तारीख असते आणि तीच धरली जाते. शिवाजी विद्यापीठाच्या सर्व विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की निकाल लागला त्याच आठवड्यात तात्पुरत्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

सर्वाधिक अर्ज मात्र जातीच्या दाखल्यावर अडतात आणि यात मुलांचा दोष फारसा नसतो. जत तालुक्यातला एक मुलगा लॅमिनेशन केलेला दाखला घेऊन आला होता. धनगर, भटक्या जमाती 'क', असे त्यावर स्पष्ट होते, सोबत उन्नत व प्रगत गटात (क्रिमी लेअरमध्ये) मोडत नसल्याचे राज्याचे प्रमाणपत्रही होते. अर्जात कोणता प्रवर्ग निवडावा हे त्याला कळेना, कारण केंद्राच्या अर्जात भटक्या जमाती नावाचा रकानाच नसतो. महाराष्ट्राने विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग असे जे गट केले आहेत ते केंद्राच्या भरतीत स्वतंत्रपणे चालत नाहीत. त्यांतली जी जात केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे तिला तिथे इतर मागासवर्ग म्हणूनच अर्ज करावा लागतो आणि धनगर त्या यादीत आहेत. त्यासाठी भारत सरकारच्या पदांकरिता असलेल्या इंग्रजी नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. तो ओळखायची सोपी खूण अशी की त्यात ८ सप्टेंबर १९९३ च्या कार्यालयीन ज्ञापनाचा (ऑफिस मेमोरँडमचा) उल्लेख असतो. त्या मुलाला एका कार्यालयात 'दाखला आहे की तुझ्याकडे, परत कशाला?' असे सांगून दोनदा परत पाठवले गेले. तिसऱ्या वेळी जाहिरातीतल्या नमुन्याची छापील प्रत समोर ठेवल्यावर काम झाले. तुम्हीही नमुना छापूनच न्या. समोरच्याला तोंडी समजावत बसण्यात दिवस जातात आणि अंतिम तारीख कोणासाठी थांबत नाही.

मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. २०२४ च्या कायद्याने राज्यात मिळालेले सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे आरक्षण केंद्राच्या भरतीत लागू नाही. ज्यांच्याकडे केंद्राच्या यादीत बसणारा कुणबी दाखला नाही त्यांनी खुल्या प्रवर्गातून किंवा निकष पूर्ण होत असतील तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करावा. या घटकाच्या केंद्रीय निकषात शेतीची अट आहे आणि ती आपल्या भागात फार जणांना आडवी येते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असले तरी शेतजमीन पाच एकर किंवा त्याहून अधिक असेल तर दाखला मिळत नाही. मग ती जमीन माणमधली कोरडवाहू असो की वाळव्यातली उसाची, केंद्राच्या नियमाला दोन्ही सारख्याच. कुटुंब म्हणजे अर्जदार, त्याचे आई-वडील, अठरा वर्षांखालील भावंडे, तसेच पती किंवा पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. वेगवेगळ्या गावांतली जमीन एकत्र धरली जाते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे सगळ्या गावांचे ८-अ उतारे काढून बेरीज करा, एकाच सातबाऱ्यावर विसंबू नका.

उत्पन्न मोजण्याची पद्धतही दुर्बल घटक आणि इतर मागासवर्ग या दोन्ही प्रवर्गांत वेगळी आहे आणि ती न समजल्यामुळे पात्र मुले माघार घेताना मी पाहिली आहेत. दुर्बल घटकाच्या आठ लाखांत पगार, शेती, व्यवसाय असे सर्व उत्पन्न धरतात. इतर मागासवर्गाच्या आठ लाखांत मात्र केंद्राच्या नियमानुसार पगार आणि शेतीचे उत्पन्न मिळवत नाहीत. त्यामुळे तासगावात ज्यांच्या घरी द्राक्षबागेचे चांगले पैसे येतात अशा इतर मागासवर्गीय मुलाने केवळ त्या उत्पन्नाकडे पाहून स्वतःला उन्नत गटात टाकू नये. आई-वडिलांच्या पदांचे निकष वेगळे आहेत, ते तपासावेत. दुर्बल घटकाचा दाखला एका आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून गेल्या वर्षीचा दाखला जोडून निश्चिंत होऊ नका.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी आणि पॅनवर कधी वडिलांचे नाव गळलेले असते. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरावा आणि आधारमधली स्पेलिंगची चूक जाहिरात निघण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी.

निवड झाल्यानंतर साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठीचा माहिती-अर्ज (अटेस्टेशन फॉर्म), भरावा लागतो आणि हातातोंडाशी आलेली नोकरी जाते ती इथेच. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे एका वर्षाहून अधिक राहिलात ते सर्व पत्ते त्यात विचारलेले असतात, म्हणजे कराड किंवा सांगलीतली भाड्याची खोलीसुद्धा लिहायची असते. पुढे अटक, खटला, दंड, प्रलंबित गुन्हा आणि विद्यापीठाने परीक्षेस बंदी घातली होती का, असे प्रश्न असतात. ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा, गावच्या भांडणात सगळ्या भावकीबरोबर लागलेले नाव, परीक्षेतल्या गैरप्रकारात एका सत्रापुरती झालेली कारवाई, यांतले काहीही असो, मुले घाबरून 'नाही' लिहितात. घरचेही 'मिटलंय ते, कशाला लिहितोस' म्हणतात. मिटलेले असले तरी लिहा. प्रश्न 'आजवर कधीही' असा असतो, 'सध्या' असा नसतो. खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरते, असा इशारा त्या नमुन्याच्या वरच्या भागातच छापलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हा विषय सविस्तर तपासला. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या किरकोळ प्रकरणातली लपवाछपवी नियोक्ता आपल्या अधिकारात माफ करू शकतो, असे न्यायालयाने म्हटले, पण खरी माहिती दिली तरी उमेदवाराची पार्श्वभूमी विचारात घेण्याचा नियोक्त्याचा हक्कही मान्य केला. म्हणजे खरे लिहिल्याने नोकरी मिळेलच अशी हमी नाही. मात्र खोटे लिहिले तर मूळचा किरकोळ गुन्हा बाजूला राहतो आणि खोटेपणाच पुढे येतो. निर्दोष सुटला असाल तर न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, रॉ ही गुप्तचर संस्था ज्याच्या अखत्यारीत येते त्या मंत्रिमंडळ सचिवालयाची उप क्षेत्र अधिकारी (तांत्रिक) पदांची भरती वेगळी असते. २०२५ मध्ये २५० जागा होत्या, गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेचे २०२३, २०२४ किंवा २०२५ चे गुण मागितले होते आणि अर्ज टपालाने पाठवायचा होता. सांगली, कराड आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांतून गेट देणारी मुले भरपूर आहेत, पण ती सार्वजनिक उपक्रमांपुरताच विचार करतात. टपालाचा अर्ज शेवटच्या दिवशी पेटीत टाकून चालत नाही, तो त्या दिवसापर्यंत दिल्लीत पोहोचावा लागतो, एवढे लक्षात ठेवा.

'आयबीत लावतो' म्हणून पैसे मागणारा कोणीही असो, पाहुण्यांतला असला तरी, त्याला एक रुपयाही देऊ नका. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करा.

प्राध्यापकांचा संबंध येतो तो साक्षांकन नमुन्यातच. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे त्यात द्यावी लागतात आणि पंधराव्या वर्षापासूनच्या सर्व शाळा-महाविद्यालयांचा तपशीलही द्यावा लागतो. नाव देण्यापूर्वी त्या शिक्षकांना विचारा, कारण चौकशी आली आणि त्यांना तुमचा चेहराही आठवला नाही, तर अडचण तुमचीच होते. महाविद्यालयीन सहकाऱ्यांनाही माझी विनंती आहे: चौकशीला कोणी आले तर आधी ओळखपत्र पाहावे, नोंदवहीत असेल तेवढेच सांगावे आणि विद्यार्थ्यावरील मायेने एकही वर्ष किंवा कारवाई वगळू नये. भरलेल्या नमुन्याची छायाप्रत विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवावी आणि दुसरी त्या शिक्षकांकडे द्यावी, कारण पडताळणी काही महिन्यांनी होते आणि तोवर कोणत्या खोलीत कोणत्या जूनपासून राहत होतो, हे खुद्द विद्यार्थ्यालाही नीट आठवत नाही.