गोऱ्ह्याचे पाय दावणीला दिसतात का?

उदगीरजवळच्या एका गोठ्यात गेल्या पावसाळ्यात चौदा महिन्यांचा देवणी जातीचा गोऱ्हा पाहिला. अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, म्हणजे देवणीतला वानेरा प्रकार. मालकांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी माझा हात धरून गोऱ्ह्याच्या पाठीवरून, वशिंडावरून फिरवला. "गोम नाही बघा कुठं. भोवरा कपाळाच्या मधोमध. आई नऊ लिटरची. ह्याला वळू ठेवायचा का खच्ची करून औताला धरायचा, तेवढं सांगा."

गोम म्हणजे अंगावर केसांची उलट फिरलेली रेघ. ती नको त्या जागी निघाली की बाजारात चांगल्या जनावराचा भाव पडतो. मालकाला खाते म्हणे. कपाळावरचा भोवरा किती उंचावर आहे आणि जनावर किती बुजरं आहे, यांचा थोडा संबंध अमेरिकेतल्या अभ्यासात दिसला आहे. पण केसांच्या रेघेला मालकाची कुंडली कुठून कळणार?

आबांच्या प्रश्नातली खरी गोम वेगळीच आहे. वळू निवडायचा दुधासाठी, आणि दूध तर त्याला कधीच येणार नाही. दुधाचे जनुक त्याच्यात असतात, पण त्यांचं काम दिसतं ते त्याच्या आईत, बहिणींत, मुलींत. त्याच्या स्वतःच्या अंगावर त्याची खूण नाही. आबांकडे यावर उत्तर तयार होतं: "खाण तशी माती."

म्हण अर्धी खरी आहे, आणि हे 'अर्धी' अगदी शब्दशः घ्यायचं.

गाईच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. वासराला आईकडून प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र मिळतं. कोणतं, ते नाणेफेकीवर ठरतं. ३० नाणी एकदम उडवली तर छापा-काट्याचे १०७ कोटींहून जास्त वेगवेगळे मेळ पडू शकतात. हे झालं एकट्या आईचं, बापाकडूनही तेवढेच. शिवाय वाटणीआधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, म्हणजे नाणीसुद्धा दर वेळी नव्यानं पाडलेली. त्यामुळे त्याच गाईचा, त्याच वळूपासून झालेला पाठचा भाऊ अगदी वेगळा निघू शकतो. एका जातीच्या जनावरांत दुधाच्या आनुवंशिक कुवतीची जी तफावत असते, संख्याशास्त्र जिला व्हेरियन्स म्हणतं, तिचा निम्मा वाटा सख्ख्या भावंडांमध्येच असतो. मला या विषयातलं सगळ्यांत आवडतं ते हेच. खाण तीच, पण प्रत्येक घमेल्यात माती निराळी.

आता आईचे नऊ लिटर. गाई-गाईंच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव हिस्सा जनुकांमुळे असतो. बाकीचा सरकी पेंड, हिरवा चारा, पाणी, वेताचा महिना आणि धार काढणाऱ्याचा हात यांचा. म्हणजे आनुवंशिकता ०.२५. मुलाकडे आईचा निम्मा वारसा जातो, पण विश्वासार्हता, म्हणजे आपला अंदाज किती भरवशाचा ते, काढताना या निम्म्याचा वर्ग करावा लागतो, तो पाव. पाव गुणिले पाव, म्हणजे सोळावा हिस्सा. आईच्या एका वेताच्या दुधावरून गोऱ्ह्याच्या कुवतीबद्दल जे कळतं त्याची विश्वासार्हता ६ टक्क्यांच्या आसपास. आबांना हे सांगितलं तेव्हा ते गोऱ्ह्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

मुलींचं गणित याहून सरळ आहे. दूध मोजलेल्या मुलींची संख्या घ्यायची आणि तिला 'ती संख्या अधिक १५' नं भागायचं. १५ मुली असतील तर विश्वासार्हता ५० टक्के, ६० असतील तर ८०, आणि ९० टक्के गाठायला १३५ मुली लागतात. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शितं एवढी हवीत, आणि तीही वेगवेगळ्या गोठ्यांतली, नाहीतर आपण वळूऐवजी एकाच मालकाची पेंड मोजत बसू. वळू दोन वर्षांचा झाल्यावर त्याचं रेत, म्हणजे वीर्य, काढायचं, पुढच्या वर्षी मुली जन्मणार, त्या तीन-साडेतीन वर्षांनी विणार, मग दहा महिने दूध मोजायचं. निकाल हाती येईतो वळू सात वर्षांचा.

ही वाट टाळण्यासाठीच चिप आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमला गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' पंतप्रधानांच्या हस्ते जाहीर झाली. वासराच्या डीएनएवरच्या हजारो खुणा ती वाचते, म्हणजे कोणतं नाणं छापा पडलं ते जन्मतःच कळतं. पण तो छापा दुधाच्या बाजूचा की विरुद्ध, हे चिपला कुणी सांगायचं? दूध मोजून नोंदवलेल्या हजारो गाईंनी. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन या दुधाळ जातीचे वळू अधिकृतपणे असे निवडले जातात, कारण मागे कित्येक दशकांच्या नोंदी होत्या. आपल्याकडे दोन गाईंच्या गोठ्यात लिटर लिहून ठेवणारा विरळाच. बातम्यांत चिप जादूची कांडी होते, या वह्यांचा उल्लेख नसतो.

आणि दूध म्हणजे सगळं नव्हे. १९६२ साली जन्मलेल्या 'चीफ' नावाच्या अमेरिकी होल्स्टीन वळूला १६,००० मुली झाल्या, दूध भरघोस. पण त्याच्यात एक जनुक बिघडलेला होता. त्याच्या वंशातल्या नर-मादीचा एकमेकांशी संकर झाला आणि गर्भाला तो दोन्हीकडून मिळाला की गर्भ टिकत नसे. जगभरात पाच लाखांवर गर्भपात त्याच्या खाती धरले जातात. कारण सापडलं तेव्हा चीफ मरून काही दशकं झाली होती.

डोळ्यांनी आणि हातानं कळतं तेवढं मात्र आजच बघता येतं. दोन्ही वृषणं खाली उतरलीत का, सारखी आहेत का. मागून हात घालून ती हलकेच खाली दाबायची आणि जिथे सर्वांत रुंद तिथे टेप लावायची. घेर चांगला असेल तर रेत भरपूर मिळण्याची शक्यता असते, आणि अशा वळूच्या मुलीही माजावर लवकर येतात. मागचे पाय विळ्यासारखे वाकलेले नकोत, कारण रेत देताना सगळा भार त्यांच्यावर येतो. आबांचा गोऱ्हा यात पास झाला. टेप लावताना त्यानं मला एक लाथही दिली.

मग वही काढली. आईचं नाव, वेतं, दूध लिहिलं. बापाचं विचारलं.

"देवाला सोडलेला पोळ होता," आबा म्हणाले. "कुणाच्या गाईचा, ते काय ठाऊक?"